सरहद्दीचा आधार

१८७३ साली एखादा मजूर कलकत्त्याच्या धक्क्यावरून जहाजात चढून सुरिनामच्या उसाच्या मळ्यावर पोचला, तर त्याच्या मागे इंग्लंडची राणी आणि नेदरलंड्सचा राजा यांच्यात १८७० साली झालेला तह उभा असे. करार पाच वर्षांचा, आणि तो संपला की परतीचा प्रवास फुकट. पारामारिबोत इंग्रज कॉन्सुल बसलेला, आणि मजुराला त्याच्याकडे गाऱ्हाणे नेण्याची मुभा. त्याच वर्षी तसाच दुसरा मजूर मध्य प्रांतातून आसामच्या चहामळ्यावर गेला, तर यातले काहीही त्याच्या वाट्याला येत नसे. तो परदेशी गेलाच नव्हता, मग तह कोणी कोणाशी करायचा? मळा सोडून पळालाच तर मळ्याच्या साहेबाला त्याला वॉरंटाशिवाय धरता येत होते. १८६५च्या कायद्याने ही सोय करून दिली आणि ती १९०८पर्यंत टिकली.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, घर सोडून गेलेल्या मजुराला एकोणिसाव्या शतकात जे काही संरक्षण मिळाले, ते सरकारांच्या दयाबुद्धीतून फारसे आले नाही. ते सरहद्दीतून आले. दोन सत्ता समोरासमोर बसल्या, एकीला दुसरीचे वाभाडे काढण्यात रस होता, आणि त्या ओढाताणीत मजुराच्या हाती एखादा कागद पडला. जिथे सरहद्द नव्हती तिथे भांडणारे कोणी नव्हते, आणि कागदही नव्हता. ही गोष्ट नीट कळायला चीनकडे पाहावे लागते. आणि तिचे देणे कोणी दिले हे पाहायला आमच्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याकडे यावे लागते.

भंडारा हा वैनगंगेचा, धानाचा आणि मालगुजारी तलावांचा मुलूख. १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, पुढच्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात आजचा गोंदियाही होता. तो वेगळा झाला १९९९ साली. धानाचा मुलूख म्हणजे दोन हंगामांचा मुलूख. रोवणीला हात पुरत नाहीत, कापणी-चुरणी झाली की त्याच हातांना काम नसते. त्यात पाऊस चुकला की सगळेच संपले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले आणि १९०१च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या शिरगणतीपेक्षा घटलेली निघाली. त्याच्या थोडे आधी, १८९१च्या सुमारास, बंगाल-नागपूर रेल्वेचा रूळ गोंदियावरून थेट बंगालच्या कोळसापट्ट्यापर्यंत जोडला गेला होता. पोट रिकामे, गाडी दारात, आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला माणसांची सदाची टंचाई असलेले मळे. मजूर गोळा करणाऱ्या आरकाट्याला याहून काय हवे! दुष्काळाच्या त्या वर्षांत मध्य प्रांतातून आसामला जाणाऱ्यांची संख्या एकदम वाढली.

यातली एक बाजू आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. आसामच्या चहाचा पहिला बेत चिनी मजुरांवर रचलेला होता. चहा चीनचा, तेव्हा तो पिकवायलाही चिनी माणूसच लागणार, असा सरळ हिशेब. १८३९ साली आसाम कंपनी निघाली आणि तिने सिंगापूर-पेनांगच्या वाटेने चिनी माणसे गोळा केली. त्यातले कितीजणांनी आयुष्यात चहाचे झाड पाहिले होते हा प्रश्नच आहे. आसामकडे जाताना वाटेत पबना येथे स्थानिक लोकांशी त्यांची मारामारी झाली, काही तुरुंगात गेले. उरलेल्यांनी, आमचे सोबती सुटल्याशिवाय आम्ही पुढे हलत नाही, असे ठणकावले. कंपनीने करार मोडून टाकला. गंमत अशी की, हे लोक त्रासदायक का ठरले, तर ते एकमेकांना धरून राहिले म्हणून. पुढे मळेवाल्यांनी कचारी माणसे लावून पाहिली, आणि १८६०नंतर त्यांचा मोर्चा छोटा नागपूर, संथाळ परगणा आणि मध्य प्रांत इकडे वळला. चिनी माणसाची जागा मुंडा, उरांव, संथाळ, गोंड यांनी भरून काढली.

इकडे खुद्द चीनमध्ये त्याच काळात काय चालले होते? छिंग बादशाही तेव्हा मोडकळीला आलेली होती. अफूच्या दोन लढायांत मार खाल्लेला, राजधानीत इंग्रज-फ्रेंच फौजा शिरलेल्या. १८६०च्या पेकिंगच्या तहाने तिला आपल्या प्रजेला इंग्रज आणि फ्रेंचांच्या वसाहतींत कामाला जाऊ देणे भाग पाडले. तोवर देश सोडून जाणारा तिच्या लेखी गुन्हेगारच होता. तो कायदा कागदावरून अधिकृतपणे पुसला गेला थेट १८९३ साली. म्हणजे या सरकारला आपल्या परदेशी गेलेल्या मजुरांबद्दल मुळात काही प्रेम होते असे नाही. पण लादलेल्या तहालाही नियम लागतात, आणि नियम लिहायला बसले की कमजोर माणसालाही बोलायची जागा मिळते. १८६६च्या मार्चमध्ये छिंग दरबारच्या प्रिन्स गोंगने इंग्रज आणि फ्रेंच वकिलांबरोबर एक करारनामा ठरवला. मुदत पाच वर्षांची आणि मुदत संपल्यावर परतीचा खर्च मालकाचा. लंडन आणि पॅरिसने तो मंजूर करायला नकार दिला. वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांना परतीचे भाडे परवडत नव्हते, हे त्यामागचे मोठे कारण. पण पेकिंगने हा कागद फेकून दिला नाही. तुम्ही मंजूर करा वा न करा, आमच्या बंदरांत भरती होईल ती या नियमांनीच, असा हट्ट त्याने धरला.

या हट्टाने लगेच काही सुटले नाही. धंदा मकावकडे सरकला. मकाव पोर्तुगीजांचे, तिथे पेकिंगचे नियम चालत नव्हते. तिथून क्यूबा आणि पेरूकडे जहाजे भरून जात. १८४७ ते १८७४ या काळात एकट्या क्यूबात सव्वा लाखाच्या आसपास चिनी मजूर उतरवले गेले. करार आठ वर्षांचा, पगार महिना चार पेसो. आठ वर्षे संपली की सुटका, हे फक्त कागदावर. प्रत्यक्षात नवा करार कर, नाहीतर बेट सोड, असा तिढा टाकून माणूस पुन्हा मळ्यात अडकवायचा.

१८७२च्या जुलैत 'मारिया लूझ' नावाचे पेरूचे जहाज मकावहून निघाले होते. वादळाने मोडतोड झाल्यामुळे ते जपानमध्ये योकोहामाला थांबले. पोटात सव्वादोनशेहून अधिक चिनी मजूर. त्यातल्या एकाने रात्री पाण्यात उडी टाकली आणि पोहत जाऊन इंग्रज युद्धनौका गाठली. प्रकरण जपानी अधिकाऱ्यांकडे आले. कानागावाचा अधिकारी ओए ताकू याने चौकशी चालवली आणि मजुरांना मोकळे केले. पुढे पेरूने नुकसानभरपाई मागितली, रशियाचा झार लवाद म्हणून बसला आणि १८७५ साली त्याने जपानच्या बाजूने कौल दिला. पण मला या खटल्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो जहाजाच्या कप्तानाच्या इंग्रज वकिलाचा युक्तिवाद. तो म्हणाला, चिनी मजुरांचा करार गुलामगिरीचा म्हणून तुम्ही नाकारता. तुमच्या देशात कुंटणखान्यांत मुली मुदतीच्या करारावर विकल्या जातात, ते काय आहे? युक्तिवाद पाजीपणाचा होता, तसाच बिनतोडही. १८७२च्याच ऑक्टोबरात जपान सरकारला त्या बायकांना करारातून सोडवणारा हुकूम काढावा लागला. तो नीट पाळला गेला नाही, ही गोष्ट वेगळी. पण बाहेरच्याशी भांडताना घरातली घाण झाकता येत नाही, हे त्या दालनात दिसले. आसामच्या बाबतीत असा आरसा धरणारा वकील आपल्याला मिळाला नाही, कारण असे दालनच नव्हते.

चीनने खरे काम केले ते त्यानंतर. चीन भरती अडवतो म्हणून स्पेनने उलट चीनकडेच भरपाई मागितली आणि क्यूबातले मजूर सुखात आहेत, असा दावा केला. पेकिंगच्या परराष्ट्र कचेरीने, म्हणजे त्सुंगली यामेनने, तो दावा तपासायचे ठरवले. चेन लानबिन नावाचा अधिकारी तेव्हा अमेरिकेत चिनी विद्यार्थ्यांच्या तुकडीवर नेमलेला होता. त्याला क्यूबाला जायचा हुकूम झाला. सोबत चीनच्या जकात खात्यातले दोन युरोपीय अधिकारी, एक इंग्रज मॅकफर्सन आणि दुसरा फ्रेंच ह्यूबर. दोन गोरे माणसे बरोबर घेणे हा धूर्तपणा होता. उद्या स्पेन म्हणणार, चिन्यांनी चिन्यांची साक्ष लिहून आणली. ते तोंड आधीच बंद केले.

१८७४च्या वसंतात ही मंडळी मळ्यांवर, साखरेच्या कारखान्यांत, तुरुंगांत, कोंडवाड्यांत फिरली. प्रश्न आधी ठरवलेले. तुला कोणी आणले? खुशीने आलास की फसवून? मालक काय देतो? मारतो का? करार संपल्यावर काय झाले? एकेक मजूर समोर येऊन बोलला, आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांनी अर्ज लिहून दिले. ११७६ जबान्या आणि ८५ अर्ज जमले. अर्जांवर १६६५ जणांच्या सह्या. दहातले आठ तरी फूस लावून किंवा पळवून आणलेले, हे त्यातून निघाले. अहवाल १८७६ साली छापला गेला. १८७७च्या नोव्हेंबरात स्पेनला पेकिंगमध्ये तह करावा लागला, करारबद्ध मजुरांची नवी वाहतूक बंद झाली आणि १८७९ साली हवानात चिनी कॉन्सुल बसला. मकावची वाट तर १८७४ सालीच बंद झाली होती.

यात छिंग सरकारचा गौरव करायची मला घाई नाही. घरात तेच सरकार आपल्या रयतेला किती पिळत होते हे इतिहासात नोंदलेले आहे. त्याला अब्रू राखायची होती आणि स्पेनची भरपाई चुकवायची होती. पण हेतू कसाही असो, पद्धत बघावी. एका मोडक्या बादशाहीने आपल्या सर्वांत खालच्या माणसाला समोर बसवून, तुझ्यावर काय गुजरली ते सांग, असे विचारले आणि त्याच्या उत्तरावर तह उभा केला. त्या शतकात दुसऱ्या कुठल्या सरकारने हे केले ते मला कोणी दाखवावे.

आता हिंदुस्थान. इथे अडचण अशी होती की, टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच राणी बसलेली. मॉरिशसला 'ॲटलास' जहाजातून पहिले ३६ मजूर १८३४च्या नोव्हेंबरात उतरले, आणि त्यानंतर मुंबईहून कोकणातली, घाटावरची मराठी माणसेही तिथे गेली. मॉरिशस, त्रिनिदाद, नाताळ, फिजी या सगळ्या इंग्रजांच्याच वसाहती. तिथल्या मजुरासाठी कलकत्त्याचे सरकार भांडणार कोणाशी, तर लंडनच्या वसाहत खात्याशी. म्हणजे एकाच वाड्यातल्या दोन कारकुनांत टिपणे फिरायची. पण फ्रेंच आणि डच आले की सूर बदलायचा. १८६१च्या फ्रेंच करारात आठवड्याला सहा दिवस आणि दिवसाला साडेनऊ तास काम, पाच वर्षांनी परतीचे भाडे, इंग्रज कॉन्सुलची नजर, हे सगळे लिहून घेतले गेले. हे नियम तिथे पाळले गेले असते तर फारच बरे झाले असते. रीयुनियन बेटावर ते पाळले गेले नाहीत. १८७७ साली इंग्रज-फ्रेंच संयुक्त चौकशी झाली, इंग्रजांकडून मेजर-जनरल गोल्डस्मिड गेले, आणि १८८२ साली हिंदुस्थान सरकारने रीयुनियनची वाहतूक बंद करून टाकली. फ्रेंचांवर बोट ठेवायला इंग्रजांना अडचण नव्हती. स्वतःच्या वसाहतींतली करारबद्ध मजुरीची गिरमिटपद्धत थांबायला मात्र १९१७ उजाडले, आणि तीही आपल्या लोकांनी आवाज उठवला म्हणून. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात गिरमिट रद्द करण्याचा ठराव मांडला. बाजूने २२, विरुद्ध ३३. ठराव पडला, पण त्यानंतर सरकारला उजळ माथ्याने ही पद्धत चालवता आली नाही.

तहाने सगळे साधले असा माझा दावा नाही. सुरिनामची वाहतूक तह असूनही १९१६पर्यंत चाललीच. आणि तहाचे हत्यार उलटही फिरते. अमेरिकेशी चीनने १८६८ साली बर्लिंगेम तह केला तेव्हा दोन्ही देशांतल्या माणसांना मोकळेपणाने येण्याजाण्याची हमी होती. १८८० साली त्यात दुरुस्ती करून अमेरिकेने मजुरांना अटकाव करण्याचा हक्क पदरात पाडून घेतला आणि १८८२ साली चिन्यांना दार बंद करणारा कायदा केला. ज्या पेकिंगने स्पेनला वाकवले तेच पेकिंग वॉशिंग्टनपुढे वाकले. बळाचा फरक मुत्सद्देगिरीने पुसला जात नाही. तरीही अमेरिकेला आधी तह बदलून घ्यावा लागला, हेही खरे. आसामच्या मळेवाल्याला कोणाकडून काहीच बदलून घ्यायचे नव्हते.

आसामचे आकडे पाहा. १८६३च्या मेपासून १८६६च्या मेपर्यंत तिथे सुमारे ८५ हजार मजूर नेले गेले. त्यातले तीस हजारांहून अधिक १८६६च्या जूनपर्यंत मेले किंवा नाहीसे झाले. तीन वर्षांत तिघांतला एक. एखाद्या परक्या सत्तेच्या बेटावर हे घडले असते तर कलकत्त्याने जहाजे अडवली असती. इथे कायदे झाले, पण कसे झाले? १८६५च्या कायद्याने पुरुषाला महिना पाच रुपये, बाईला चार रुपये किमान मजुरी ठरवली आणि त्याच कायद्याने साहेबाला धरपकडीचा हक्क दिला. १८८२च्या कायद्याने कराराची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली. त्याहून वाईट म्हणजे माणसाने करारावर सही कुठे करायची, ही अट सैल केली. आपल्या जिल्ह्यात, आपल्या मॅजिस्ट्रेटसमोर, आपली बोली कळणाऱ्या चार माणसांत त्याची नोंद व्हावी, ही निदान कागदावरची शिस्त होती. आता त्याला आधी ब्रह्मपुत्रेकाठच्या धुब्रीपर्यंत न्यायचे आणि तिथे अंगठा घ्यायचा. घरापासून शेकडो कोस दूर, खिशात परतीचा पैसा नाही, मागे आरकाटी, पुढे आगबोट. अशा जागी, तुझी खुशी आहे ना, असे विचारण्याला काय अर्थ?

आणि आपले पुढारी? द्वारकानाथ गांगुली यांनी १८८६च्या सुमारास आसामात जीव धोक्यात घालून फिरून मजुरांची हकिकत बंगाली आणि इंग्रजी पत्रांत छापली. पुढच्या वर्षी मद्रासच्या काँग्रेसमध्ये हा विषय आणायचा प्रयत्न झाला, तेव्हा हा प्रांतिक प्रश्न आहे, असे सांगून तो बाजूला सारला गेला. मजूर छोटा नागपूरचा, मध्य प्रांताचा, मळा आसामात, कंपनी लंडनची, आणि प्रश्न प्रांतिक! काँग्रेसने तो हाती घेतला १८९६ साली. नाताळमधला हिंदी माणूस हा राष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न झाला, कारण तिथे परक्यांपुढे आपली मान खाली जात होती. आसामातल्या गोंडामुळे कोणाची मान खाली जात नव्हती. समुद्रापारची गिरमिट १९१७ साली थांबली. करार मोडणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकणारा १८५९चा कायदा मात्र देशात १९२६पर्यंत जिवंत राहिला. सुरिनामच्या मजुराला १८७० साली मिळालेला परतीच्या भाड्याचा हक्क आसामच्या मजुराला मिळाला १९३२च्या कायद्याने, तोही मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ साली कान उपटल्यावर. बासष्ट वर्षांचा फरक, आणि तो नेमका उलटा: जो घराजवळ होता त्याला उशिरा.

याचे देणे अजून फिटलेले नाही. मॉरिशसला गेलेल्या मजुराचे नाव, बापाचे नाव, गाव, जिल्हा, उंची, अंगावरची खूण, पुढच्या काळात छायाचित्रसुद्धा, हे सारे वह्यांत उतरवले गेले. मोका येथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या वह्या जपलेल्या आहेत आणि नातवंडे-पणतवंडे त्या वाचून आपले गाव शोधतात. २०२४च्या मार्चमध्ये राष्ट्रपती मुर्मू मॉरिशसला गेल्या तेव्हा सातव्या पिढीपर्यंतच्या वंशजांना ओसीआय कार्ड मिळण्याची खास सवलत जाहीर झाली. चांगलेच झाले. आता आसाममधल्या गोंडाकडे वळा. भंडाऱ्यातला गोंड अनुसूचित जमातीत मोडतो. त्याच रक्ताचा, आसामच्या मळ्यावर चौथ्या-पाचव्या पिढीत जन्मलेला माणूस तिथे 'चहामळा जमाती' या नावाखाली इतर मागास वर्गात बसवला गेला आणि जमातीच्या दर्जासाठी कित्येक दशके मोर्चे काढत राहिला. समुद्र ओलांडणाऱ्याच्या वंशजाला देश सातव्या पिढीत आपला म्हणतो, आणि देशातल्या देशात गेलेला आपली जमातही हरवून बसतो.

आमच्या जिल्ह्याला सरहद्दीचा हा खेळ घरबसल्या बघायला मिळाला आहे. भंडारा आणि बालाघाट १ नोव्हेंबर १९५६पर्यंत एकाच राज्यात होते. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींवर बालाघाटकडचा माणूस आला तर तो शेजारच्या जिल्ह्यातून आला असे होत होते. राज्ये बदलली आणि बावनथडीपलीकडचा तोच माणूस परराज्यातला ठरला. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला तेव्हा त्याच्या कक्षेत तो येऊ शकला, कारण मधे रेघ होती. प्रवासभत्ता, विस्थापन भत्ता, ठेकेदाराची नोंदणी, असे बरेच काही त्या कायद्यात लिहिलेले होते. अंमलबजावणीबद्दल न बोललेले बरे. २०२०च्या कामगार संहितेत हा कायदा विरघळला. पूर्वी पाच स्थलांतरित मजूर असले की लागू होणारी तरतूद आता दहापासून लागू होते, आणि विस्थापन भत्ता गळालाच. आंतरराष्ट्रीय रेघ मात्र आजही भरघोस देते. आखातात जाणाऱ्या गवंड्यासाठी १९८३चा कायदा आहे, १० लाखांचा सक्तीचा विमा आहे, आणि 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' नावाचा अधिकारी आहे. हे पद थेट गिरमिटाच्या काळातून चालत आलेले. महाराष्ट्र सरकारने २०२४च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. जाणाऱ्याला तिथली भाषा शिकवायची, कागदपत्रे तपासायची, हे सरकार करू शकते असे त्यातून सिद्धच झाले.

झाडीपट्टीतून तेलंगणाला मिरची तोडायला जाणाऱ्यांना कोण काय शिकवते? धान घरात आले की जानेवारीच्या आसपास गाव रिकामे होऊ लागते. रात्री उशिरा पिकअप गाडी येते. मागच्या हौद्यात तांदळाची पोती, पातेली, घोंगड्या, त्यांवर बाया आणि पोरे. ठेकेदाराने उचल आधीच दिलेली असते आणि तिचा हिशेब त्याच्याच वहीत असतो. मजुरी कधी किलोमागे रोख, कधी मिरचीच्याच रूपात. आणि मिरचीचा भाव कोणता धरायचा हे ज्याने तोडली त्याला विचारत नाहीत. हे लोक कुठल्याही वहीत नाहीत. ग्रामपंचायतीला विचाराल तर बाहेरगावी गेले एवढेच उत्तर.

२०२०च्या एप्रिल-मेमधल्या टाळेबंदीत हे उघडे पडले. भंडारा, लाखनी, साकोली, देवरी असा जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून छत्तीसगढ-ओडिशाकडे माणसे पायी जात होती. त्यांना पाणी-भाकर देणारे हात आमच्या जिल्ह्यात निघाले, याचा अभिमान वाटतो. पण त्या सप्टेंबरात लोकसभेत विचारले गेले की, या काळात किती स्थलांतरित मजूर दगावले, तेव्हा मंत्र्यांनी उत्तर दिले, आकडेवारी ठेवलेली नाही. मळ्यात किती मेले किंवा नाहीसे झाले हे १८६६च्या इंग्रज सरकारला निदान सांगता आले होते.

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. देश एक, नागरिकत्व एक, घटनेच्या १९व्या कलमाने कुठेही जायचा हक्क दिलेला. मग राज्याराज्यांत तह कसले करता? ही एकाच घराची भाषा आहे, आणि १८८७ साली प्रांतिक प्रश्न म्हणून विषय टाळणाऱ्यांच्या भाषेशी तिचे नाते जवळचे आहे. जायचा हक्क घटनेने दिला. गेल्यावर कोणाच्या दारात उभे राहायचे हे तिने सांगितलेले नाही. मजुराचे मत त्याच्या गावी असते, काम परराज्यात. ज्या आमदाराला तो मत देतो त्याची सत्ता तिथे चालत नाही, आणि जिथे तो राबतो तिथल्या आमदाराला त्याच्या मताची गरज नाही. आणि हे अशक्य आहे असेही नाही. वीटभट्ट्यांवरच्या मजुरांसाठी ओडिशा आणि आंध्र प्रदेश यांनी २०१२ साली आपसात सामंजस्य करार केला होता. त्याचे फळ किती मिळाले यावर वाद घालता येईल, पण दोन राज्ये या विषयावर एका टेबलाला बसली म्हणून दिल्ली कोसळली नाही.

तेव्हा महाराष्ट्राने तेलंगणाशी मिरचीच्या मजुरांसाठी असा करार करावा, हे माझे मागणे आहे, आणि त्याची सुरुवात मसुद्यापासून करू नये. मसुदे मंत्रालयात ढिगाने पडलेले असतात. आधी कामगार खात्याची, महिला-बालकल्याणची आणि जिल्हा परिषदेची अशी चार माणसे, आमची बोली जाणणारी, फेब्रुवारीत तेलंगणातल्या खम्ममच्या शेतांवर पाठवावीत. सोबत तेलंगणाचे दोन अधिकारी घ्यावेत, म्हणजे पुढे कोणाला नाकारता येणार नाही. प्रश्न ठरवून न्यावेत. कोणी आणले, उचल किती, त्यातली किती कापली, मिरचीचा भाव कोणता लावला, पोर शाळेत जाते का, आजारी पडल्यावर कोणी नेले. उत्तरे मजुराच्या तोंडच्या शब्दांत उतरवावीत, खाली त्याची सही किंवा अंगठा घ्यावा, आणि तो गठ्ठा मुंबई आणि हैदराबादच्या दोन्ही विधानसभांपुढे एकाच अधिवेशनात ठेवावा.